काचेतली जवारी

पोस्टमनने सही घेताना विचारले, "सर, यात काय आहे? वर काच लिहिलंय." आम्ही म्हणालो, "शाळेच्या प्रयोगशाळेचं सामान." वाचकहो, आम्ही विज्ञानाचे शिक्षक आहोत, म्हणून हे खोटे सहज पचले. दारामागे उभी असलेली आमची बेगम मात्र हसली नाही. तिला ठाऊक होते की आमच्या उर्दू शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या आहेत, त्याही निम्म्या फुटक्या, आणि तिथे कॅलुगा नावाच्या रशियन गावाहून काही येण्याचे कारण नाही.

या लेखात जिथे 'आम्ही' येईल तिथे तो एकच माणूस समजावा. उर्दूत 'मैं' म्हणताना जीभ अडखळते, 'हम' म्हटले की अदब राहते, ती सवय मराठीतही उतरली. घरात दख्खनी, वर्गात उर्दू आणि कागदावर मराठी असा आमचा तीन भाषांचा संसार आहे. कॅथोडला पुस्तकात 'मनफी बरकीरा' म्हणतात, मराठी शाळेतली मुले 'ऋणाग्र' म्हणतात, आणि आमचे अब्बा त्याला पन्नास वर्षे 'कॅथोट' म्हणत आले. त्या कॅथोटचीच ही गोष्ट.

अब्बांचे मिरजेत रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. १९६५ मध्ये चौदाव्या वर्षी ते मामांच्या हाताखाली बसले. मर्फी, बुश, फिलिप्स, सगळे व्हॉल्व्हचे सेट. ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईएल ८४ ही नावे आम्ही पाढ्यांच्या आधी ऐकली. पुढे ट्रान्झिस्टर आला, मग टीव्ही, मग टीव्हीही दुरुस्त करण्यापेक्षा नवा घेणे परवडू लागले. २००९ मध्ये दुकान बंद झाले. शटर ओढल्यावर घरी आले ते एक मीटर, दोन सोल्डरिंग आयर्न आणि व्हॉल्व्हने भरलेली पत्र्याची ट्रंक. ती अम्मीच्या पलंगाखाली गेली आणि तिथेच राहिली.

आम्ही बी. एड. करून शिक्षणसेवक झालो. २०१३ ते २०१६ अशी तीन वर्षे महिना आठ हजार मानधनावर काढली. त्या काळात छंद म्हणजे चहा. कायम झाल्यावर, सातव्या वेतन आयोगाच्या फरकाचा एक हप्ता हातात पडला तेव्हा मात्र डोके फिरले. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन वर्ग घेता घेता कानाला हेडफोनची सवय लागली होती. पुण्याच्या एका गृहस्थाकडून आम्ही वापरलेला सेनहायझर एचडी ६०० घेतला. त्याचा अवरोध ३०० ओहम. म्हणजे मोबाइलला लावला तर आवाज दबल्यासारखा. त्याला सोबत हवी म्हणून त्यांच्याचकडून 'लिटल डॉट मार्क थ्री' हा चिनी अ‍ॅम्प्लिफायर घेतला. पाटीवर चार व्हॉल्व्ह उभे. मागचे दोन मोठे, ते शक्ती देतात. पुढचे दोन बोटाच्या पेराएवढे, ते आवाजाला आधी हात लावतात. लोक बदलत बसतात ते हेच पुढचे दोन.

हे बदलत बसणे नेमके काय असते, ते ज्यांना ठाऊक नाही त्यांना मिरजेच्या भाषेत सांगतो.

आमच्या गावात सतार आणि तंबोरे बनतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. आमच्या घरापासून चार पावलांवर कारागिरांची गल्ली आहे. तंबोऱ्याचा भोपळा कितीही चांगला असला, लाकूड कितीही जुने असले, तरी त्याचा आवाज ठरतो तो घोडीवर. घोडीचा माथा किंचित गोल घासलेला असतो. तार त्या उतारावर हलकेच घासत कंप पावते, त्यामुळे मूळ स्वराच्या वर स्वरांची रांग उभी राहते. हीच जवारी. ती खुली ठेवा, आवाज झळझळीत. बंद ठेवा, गोल आणि शांत. तारेखाली सुताचा दोरा केसभर सरकवला तरी तंबोरा बदलतो. कारागीर घोडी कानस मारून घासतो, तार चढवतो, ऐकतो, तार उतरवतो, पुन्हा घासतो. अर्धा दिवस जातो. त्याला कुणी वेडा म्हणत नाही.

व्हॉल्व्हमध्येही तसेच काहीसे होते, निदान आमचा तसा समज होता. काचेच्या आत तापलेल्या ऋणाग्रातून इलेक्ट्रॉन निघतात, जाळीवर येणारा आवाजाचा बारीकसा विद्युतदाब त्यांच्या लोंढ्याला कमीजास्त करतो आणि धनाग्रावर तोच आवाज मोठा होऊन मिळतो. पण अगदी तोच नव्हे. मोठे करताना व्हॉल्व्ह थोडी भर स्वतःची घालतो. ती भर मुख्यतः दुप्पट कंपनांची असते, म्हणजे सा दिला तर वरच्या सप्तकातला सा. तिप्पट कंपने आली तर तार सप्तकातला पंचम. मिरजेच्या माणसाला हे ऐकवले की तो लगेच म्हणेल, अरे ही तर जवारीच! आम्हीही तसेच म्हणालो आणि तिथेच फसलो.

आमच्या अ‍ॅम्प्लिफायरला पुढच्या दोन जागी ईएफ ९५ जातीचे सात पायांचे व्हॉल्व्ह लागतात. अमेरिकेत त्याचे नाव ६एके५. दुसऱ्या महायुद्धात वेस्टर्न इलेक्ट्रिकने तो रडारसारख्या यंत्रांसाठी घडवला. म्हणजे ज्याच्या आवाजाच्या गोडीवर आज माणसे रात्री जागवतात तो गाण्यासाठी जन्मलाच नव्हता! विमाने शोधण्यासाठी जन्मला होता. आमच्याकडे हळूहळू चार जोड्या झाल्या. पहिली चिनी, अ‍ॅम्प्लिफायरबरोबर आलेली. दुसरी सोव्हिएत काळातली, कॅलुगाच्या वोस्खोद कारखान्याची, काचेवर रॉकेटचे चिन्ह, नावामागे 'ईव्ही' ही अक्षरे, ज्यांचा अर्थ दीर्घायुषी आणि दणकट. तिसरी इंग्लंडच्या मुलार्डची एम ८१००, जिच्यासाठी आम्ही मुलीच्या सायकलीची खरेदी एक वर्ष पुढे ढकलली. चौथी अब्बांच्या ट्रंकेतून निघाली. तिच्यावरची अक्षरे पुसून गेलेली. अब्बांनी ती चष्म्याजवळ धरली, आतली बांधणी पाहिली आणि म्हणाले, "सिक्स एके फाइव्ह. मिलिटरी भंगारातला माल." कुठल्या कंपनीचा ते त्यांनाही सांगता आले नाही. वरचा बेरियमचा चांदीसारखा डाग मात्र शाबूत होता. तो डाग पांढरा पडला की आत हवा शिरली समजायचे, मग व्हॉल्व्ह कचऱ्यात.

शेजारच्या कारागिराकडे बसून आम्ही एक तंबोरा वीस मिनिटे रेकॉर्ड करून आणला आणि त्यावर या जोड्या ऐकू लागलो. वहीत नोंदी ठेवल्या. आज ती वही उघडली की कान गरम होतात. चिनीपुढे लिहिले आहे, 'खरखरीत, खर्जात पोकळ.' रशियनपुढे, 'स्वच्छ, पण कोरडा, हेडमास्तरांसारखा.' मुलार्डपुढे, 'गायक एक पाऊल पुढे आला. खर्जाला तुपाचा हात. अंतःकरण भरून आले.' बिननावाच्या जोडीपुढे फक्त, 'ठीक.' तिला किंमत मोजावी लागली नव्हती, म्हणून तिच्या वाट्याला एकच शब्द आला असावा.

बेगमने वही वाचली. ती बारावीपर्यंत शिकलेली आहे, पण आमच्याहून चांगली परीक्षक. म्हणाली, "अजी, नाव झाकून सांगता येईल का?"

शिक्षकाला हा प्रश्न लागतो. आम्ही स्वतः उत्तरपत्रिकेवरचे नाव दुमडून तपासतो.

पहिली अडचण वेळेची. व्हॉल्व्ह थंड होऊ द्यायचा, काढायचा, दुसरा बसवायचा, तापू द्यायचा, यात पाच-सात मिनिटे जातात. आवाजाचे बारकावे कानात तेवढा वेळ टिकत नाहीत. म्हणून प्रत्येक जोडी लावून, हेडफोन जोडलेला ठेवूनच, अ‍ॅम्प्लिफायरमधून निघणारा तोच तंबोरा संगणकावर उतरवून घेतला. दुसरी अडचण जोराची. अब्बांचा मीटर लावून ४०० हर्ट्‌झचा एकच सूर सोडला, आवाजाच्या बटनाला हात न लावता. रशियन जोडीवर काटा ०.५० व्होल्टवर, मुलार्डवर ०.५४ वर. म्हणजे मुलार्ड जवळपास पाऊण डेसिबल मोठा वाजत होता. एवढा फरक कानाला 'मोठा' म्हणून कळत नाही, 'चांगला' म्हणून कळतो. गायक एक पाऊल पुढे का आला होता ते काट्याने सांगून टाकले.

दोन्ही रेकॉर्डिंगचा जोर सारखा केला. बेगमने नाणे उडवून सोळा वेळा वाजवायचे, आम्ही पाठ करून ओळखायचे. निव्वळ अंदाजाने सोळापैकी आठ बरोबर येतात. बारा आले तर कानाला काही कळते असे मानायला जागा असते. आमचे नऊ आले. बेगमने पुन्हा घेतली परीक्षा, दया म्हणून. तेव्हा सात.

चिनी जोडी मात्र आम्ही दर वेळी ओळखली, पण ती गोडीमुळे नव्हे. तिच्या डाव्या व्हॉल्व्हमध्ये बारीक गुणगुण होती आणि पेन्सिलीने टिचकी मारली की काच घंटेसारखी वाजायची. म्हणजे दोष कळत होता, गुण कळत नव्हता. एकाच जातीच्या दोन निरोगी व्हॉल्व्हमध्ये जवारीएवढा फरक असतो हा समज आम्ही पैसे मोजून घेतला होता. याचा अर्थ व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर सारखेच, असा मुळीच नाही. अब्बांचा जुना मर्फी आणि आजचा मोबाइल यांच्यात आंधळ्यालाही फरक कळेल. पण तो सगळ्या सेटचा, त्याच्या ट्रान्सफॉर्मरचा, स्पीकरचा, लाकडी पेटीचा मिळून असतो. भोपळा बदलला तर तंबोरा बदलणारच.

त्या आठवड्यात आम्ही जरा खचलोच होतो. मुलार्डची आणखी एक जोडी मागवायचे पक्के केले होते, पैसेही बाजूला काढले होते. आणि मग अब्बा खोलीत आले.

ते क्वचितच येत. गेल्या दोन-तीन वर्षांत त्यांचे बोलणे कमी झाले होते. निकाहच्या दावतींना जाणे टाळायचे. आम्ही काही विचारले तर "हां हां" म्हणायचे आणि उत्तर भलतेच द्यायचे. नातीवर चिडायचे, "मुंह में बोलती है." आम्हाला वाटे, वय झाले, दुकान गेले, माणूस आतून मिटत चालला. घरात सगळ्यांनी हे मान्य करून टाकले होते आणि टीव्हीचा आवाज वाढत गेला होता.

त्या दिवशी व्हॉल्व्ह पेटलेले पाहून ते खुर्चीवर टेकले. आम्ही हेडफोन त्यांच्या डोक्यावर ठेवला, तंबोरा लावला. त्यांनी डोळे मिटले. मिनिटभराने म्हणाले, "डावा व्हॉल्व्ह गेलाय."

मुलार्डची जोडी लावलेली होती. आमच्या पोटात धस्स झाले. सायकलीचे पैसे होते ते.

अब्बांनी आयुष्यभर एकच रीत पाळली आणि आम्हालाही तीच शिकवली. दोष कुठे आहे ते तर्काने ठरवायचे नाही. "जगा बदल के देख. दोस सरक्या तो व्हॉल्व्ह में, नै सरक्या तो सेट में." ते लगेच उठले. सेट बंद करून, रुमालाने धरून डावा व्हॉल्व्ह उजवीकडे बसवला, उजवा डावीकडे. सेट चालू केला, तापू दिला, ऐकले. "अजून डावाच." म्हणजे मुलार्ड निर्दोष. आम्ही सुटकेचा श्वास सोडला. मग त्यांनी मागचे दोन मोठे व्हॉल्व्ह अदलाबदल केले. डावाच. संगणकाकडून येणाऱ्या वायरीच्या दोन पिना उलट लावल्या. डावाच. त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांनी ती दुकानातली चमक दिसली. कपाळाला आठ्या, ओठ आत ओढलेले, हात मात्र अजिबात न थरथरणारे. आम्ही मदतनीस पोरासारखे बाजूला उभे होतो. मध्ये एकदा आम्ही हेडफोन स्वतःच्या कानाला लावून पाहिला होता. दोन्ही बाजू नीट वाजत होत्या. तेव्हाच बोलायला हवे होते. आम्ही बोललो नाही.

आता बदलायचे एकच उरले होते. अब्बांनी हेडफोन काढला. हातात धरून थोडा वेळ पाहत राहिले. मग तो फिरवला, डावी वाटी उजव्या कानावर, उजवी डाव्या कानावर, आणि पुन्हा डोळे मिटले. तंबोरा चालू होता. आम्हाला वाट्यांमधून झिरपणारा षड्ज बारीक ऐकू येत होता.

"डावाच," ते म्हणाले. मग म्हणाले, "म्हणजे सेट ठीक आहे."

त्यांनी हेडफोन टेबलावर ठेवला, वायरीची गुंडाळी केली, जशी दुकानात गिऱ्हाइकाला सेट परत देताना करायचे, आणि खोलीबाहेर गेले.

पुढच्या सोमवारी रजा टाकून आम्ही त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेले. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. बंद खोलीत, कानावर हेडफोन लावून, निरनिराळ्या उंचीचे सूर सोडून, ऐकू आला की बटन दाबायचे. आमच्या खोलीतल्या परीक्षेसारखेच, फक्त इथे नाव झाकायची गरज नव्हती. आलेख हातात आला. उजव्या कानाला साधारण ४५ डेसिबलचे नुकसान, डाव्याला ७०, आणि वरच्या सुरांकडे दोन्ही रेषा उताराला लागलेल्या. श, स, फ, थ ही अक्षरे त्याच उंचीवर असतात. आमची लेक तोंडातल्या तोंडात बोलत नव्हती. तिच्या शब्दांतली ही अक्षरे वाटेत गळत होती. आमचा लेखी पगार विज्ञान शिकवण्याचा आहे, आणि पाऊण डेसिबलचा फरक मोजणाऱ्या आम्हाला घरातला सत्तर डेसिबलचा फरक तीन वर्षे दिसला नाही.

डॉक्टरांनी दोन्ही कानांसाठी यंत्रे सांगितली. सध्या डाव्याचे घेतले. शिक्षकांच्या पतसंस्थेतून थोडी उचल घेतली, आणि मुलार्डची जोडी पुण्याच्या त्याच गृहस्थांना विकली. विकण्यापूर्वी त्यांना सोळापैकी नऊचा आकडा प्रामाणिकपणे सांगितला. ते हसले, म्हणाले, "सर, तुमचे कान अजून तयार नाहीत," आणि मागितलेली किंमत देऊन गेले. आमची त्यांच्यावर काही तक्रार नाही. कदाचित त्यांना ऐकू येतही असेल. नाणे उडवायला मात्र ते तयार झाले नाहीत.

अब्बांनी यंत्र घ्यायला महिनाभर नकार दिला. कारण ऐकून डॉक्टरही थक्क झाले. "ट्रान्झिस्टर आहे ना आत?" ज्याने धंदा खाल्ला त्याला कानात कसा बसवायचा! आम्ही त्यांना सांगितले की पूर्वी ऐकण्याच्या यंत्रातही चिमुकले व्हॉल्व्ह असत, आणि ट्रान्झिस्टर बाजारात पहिल्यांदा विकला गेला तोच मुळी अशा यंत्रातून, १९५२ च्या अखेरीस, एक ट्रान्झिस्टर आणि दोन व्हॉल्व्ह शेजारी शेजारी. यावर ते बराच वेळ विचार करत होते. "दोन व्हॉल्व्ह?" त्यांनी पुन्हा विचारून खात्री करून घेतली. दुसऱ्या दिवशी यंत्र लावले.

पहिला आठवडा तक्रारींचा गेला. पंखा फार वाजतो. अम्मीच्या बांगड्या फार वाजतात. वर्तमानपत्राचे पान उलटले की पत्रा फाटल्यासारखे होते. नातीला मात्र एकदाच म्हणाले, "आता बरोबर बोलतेस," आणि ती गोंधळून आमच्याकडे पाहत राहिली.

मग एका संध्याकाळी स्वतःहून खोलीत आले. बिननावाची जोडी लावलेली होती, आता तीच असते. त्यांनी हेडफोन यंत्रावर चढवला तशी यंत्राने शिट्टी मारली. आम्ही घाबरलो. ते हसले. "रिअ‍ॅक्शन," म्हणाले. जुने सेट फार उघडले की अशीच शिट्टी मारत, कारण निघालेला आवाज पुन्हा आत शिरतो. त्यांनी डावी वाटी कानापासून दोन बोटे लांब धरली. शिट्टी थांबली. तसेच हात वर धरून ते बसले, हात दुखला की दुसऱ्या हाताने.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, "हा तंबोरा कोणाकडचा?"

आम्ही नाव सांगितले.

"चौथी तार उतरलीय," ते म्हणाले, "त्याला सांग."